गिअरबॉक्स उतरवण्याआधी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि त्यातली निम्मी पत्रं ऑटोमॅटिक गाड्यांची. चार पत्रांची सुरुवात 'प्रिय साहेब' अशी आहे. साहेब नको, ताई म्हणा. चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ बाबांनी काढलेलं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मी चालवते. बाबा डायनॅमो आणि आर्मेचर बांधायचे, मी कॉम्प्युटरच्या वायरी शोधत बसते. पाटी मात्र अजून 'सेल्फ-डायनॅमो-हॉर्न' अशीच आहे, कारण ती रंगवायला वेळ कुणाला आहे?

प्रश्न : माझी गाडी २०११ची, चार गिअरची ऑटोमॅटिक. सकाळी निघताना छान चालते. वीस-पंचवीस किलोमीटर झाले, त्यातही चढ लागला, की मीटरमधला ओ/डीचा (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यांत वरच्या गिअरचा) दिवा लुकलुकू लागतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच राहते. सिग्नलवरून उचलतच नाही. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. स्कॅनरवर पी०७५३ हा बिघाडाचा कोड आला. गॅरेजवाले म्हणतात, सगळी व्हॉल्व्ह बॉडी बदला, ८० हजार. बदलू का?
– निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, थोडं थांबा. पैसे बँकेतच राहू द्या.

आधी तिसऱ्या गिअरचं. गिअरबॉक्सच्या आत तेलाच्या वाटा उघडणारे-मिटणारे छोटे विजेचे व्हॉल्व्ह असतात, त्यांना सोलेनॉइड म्हणतात. ते ज्या ठोकळ्यावर बसतात ती व्हॉल्व्ह बॉडी. त्यातल्या एकाचं सर्किट तुटलंय असं कॉम्प्युटरला वाटलं की तो सगळ्यांचीच वीज काढून घेतो. वीज नसताना आतले व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर ज्या जागी बसतात, त्यात बऱ्याच जुन्या गाड्यांना तिसरा आणि रिव्हर्स मिळतो. तुम्ही रस्त्यात अडकू नये, घरापर्यंत पोचावं, एवढ्यासाठी ही सोय. चावी बंद करून पुन्हा फिरवली की कॉम्प्युटर नव्याने तपासतो, सर्किट जुळलेलं दिसलं की कामाला लागतो. म्हणजे तुमचं सर्किट कधी जुळतं, कधी तुटतं. एवढं तुमच्या पत्रावरूनच कळलं.

आता कोड. पी०७५३ सांगतो की पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये विजेचा दोष आहे. ०७५१ किंवा ०७५२ आला असता तर व्हॉल्व्ह चिकटल्याची, तेलात कचरा असल्याची शंका मी आधी घेतली असती. शेवटचा आकडा ३ असला की आधी वायर. या सर्किटमध्ये कॉम्प्युटरची पिन येते, तिथून निघालेली वायर येते, गिअरबॉक्सवरचा कपलर (वायरींचा जोड) येतो, आतली वायर येते, सोलेनॉइडची गुंडाळी येते आणि तुमच्यासारख्या बऱ्याच जपानी बनावटीच्या गिअरबॉक्समध्ये विजेची परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, गिअरबॉक्सच्या धातूच्या बॉडीतून येते. सहा जागा. त्यातली एक न तपासता सगळी व्हॉल्व्ह बॉडी बदलायची म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

गेल्या पावसाळ्याआधी कराडहून एक गाडी माझ्याकडे आली, तक्रार शब्दशः तुमचीच. मालकाने दुसरीकडे सोलेनॉइडचा सेट बदलून घेतला होता आणि दोष जागच्या जागी होता. दुकानात तासभर उभी ठेवून चालवली, तेल गरम केलं, काही नाही. सगळे म्हणत होते, गरम झाली की बिघडते. मला ते पटेना, कारण गरम तर दुकानातही झाली होती.

मग बाबांची एक युक्ती केली. दोन एलईडी घेतले, एक हिरवा आणि एक तांबडा, प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर जोडला. हिरव्याची वायर त्या सोलेनॉइडच्या तारेला कॉम्प्युटरजवळ लावली, तांबड्याची त्याच तारेला गिअरबॉक्सच्या कपलरजवळ. दोन्ही वायरी बॉनेटमधून आत घेऊन डॅशबोर्डवर चिकटपट्टीने बसवल्या. तार एकच आहे, तेव्हा दोन्ही दिवे एकदम लागायला हवेत आणि एकदम विझायला हवेत. एलईडी इतकी थोडी वीज खातो की कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागत नाही. इथे मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, कॉम्प्युटरचा आउटपुट जाळून बसाल.

कुंभार्ली घाटाकडे निघालो. पोफळीपर्यंत दोन्ही दिवे जुळ्या भावंडांसारखे. घाटाच्या वळणावर मालकाने जोर दिला आणि तांबडा विझला, हिरवा तसाच. पापणी लवेपर्यंतच. लगेच हिरवाही गेला, ओ/डी लुकलुकू लागला. म्हणजे कॉम्प्युटर वीज सोडत होता आणि ती गिअरबॉक्सपर्यंत पोचत नव्हती. सोलेनॉइड निर्दोष, कॉम्प्युटर निर्दोष.

गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. बॅटरीच्या ट्रेखाली कुणीतरी कधीतरी वायर पिळून टेप मारली होती. टेपच्या आत अ‍ॅसिडची पांढरी भुकटी, आणि तांब्याच्या दोन-तीन काड्या कशाबशा एकमेकींना टेकलेल्या. चढावर जोर घेताना इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला झुकतं, त्या झुकण्याने ती वायर ताणली जायची. उष्णतेचा काही संबंध नव्हता. एक वीत नवी वायर, सोल्डर, वरून उष्णतेने आकसणारी स्लीव्ह. मालकाने तिथेच, घाटाच्या कडेला, मागच्या गॅरेजवाल्याला जे शब्द वापरले ते इथे छापता येणार नाहीत.

तुमच्या गाडीत नेमकं हेच असेल असं मी म्हणत नाही. सोलेनॉइडची गुंडाळीही गरम झाल्यावर तुटते. म्हणून फिटरकडून एवढं करून घ्या. गाडी रात्रभर थंड झालेली असताना, चावी बंद, गिअरबॉक्सचा कपलर सोडवून मीटर ओहमवर ठेवून त्या सोलेनॉइडच्या पिनपासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंत मोजा. तुमच्या प्रकारच्या गिअरबॉक्सला चालू-बंद होणाऱ्या सोलेनॉइडचं माप साधारण ११ ते १५ ओहम येतं. (तेलाचा दाब सांभाळणाऱ्याचं पाचाच्या आसपास येतं, ते बघून घाबरू नका.) मग गाडी तीस किलोमीटर पळवून आणा आणि लगेच तेच माप पुन्हा घ्या. तांब्याचा विरोध दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास वाढतो, त्यामुळे थंडीत १३ असलेलं माप शंभर अंशाला १६-१७ होणारच. हळूहळू वाढलं तर सोलेनॉइड चांगला. मध्येच उडी मारून अनंतावर गेलं तर तो बदला, तोही एकटाच. आणि दोन्ही वेळा माप चोख आलं तर दोष बाहेरच्या वायरीत. कपलरच्या पिनाही बघा. एखादी मागे सरकलेली असते, एखादीचं तोंड फाकलेलं असतं. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याच जाडीची सुटी पिन आत घालून ओढून बघायची, सैल निघाली की सापडला चोर.

प्रश्न : परवा सकाळी गाडी चालू झाली, पण गिअरचा दांडा 'पी'मधून (पार्कमधून) हलेचना. ओढताण केली तरी नाही. टोइंग करून नेली तर तिथे आपोआप ठीक झाली. आता पुन्हा होईल अशी धास्ती आहे.
– गृहिणी, ठाणे

उत्तर : ओढताण अजिबात करू नका, आतला प्लास्टिकचा खटका मोडेल. पुन्हा असं झालं तर ब्रेक दाबा आणि यजमानांना मागे उभं करून विचारा, ब्रेकचे दिवे लागले का? लागले नाहीत तर दोष ब्रेक पेडलवरच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये. गाडीला ब्रेक दाबल्याचं कळल्याशिवाय ती 'पी' सोडत नाही, आणि कळवतो तो हाच स्विच. किंमत फार नसते. दांड्याजवळ एक छोटी खाच असते, कधी टोपणाखाली झाकलेली. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून त्यात स्क्रू-ड्रायव्हर दाबला की दांडा सुटतो. ती खाच कुठे आहे ते आजच, निवांत असताना शोधून ठेवा.

आणि एक विचारते. गेल्या काही महिन्यांत मागे लुकलुकणारी एलईडीची पट्टी बसवलीत का? ती बसवणारे लोक वीज घेतात ती नेमकी ब्रेकच्या तारेतून, इन्सुलेशनला दाताने चीर पाडून.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घ्यावा का? मित्र म्हणतो मेकॅनिकची गरजच उरत नाही.
– इंजिनिअर, पिंपरी

उत्तर : घ्या, मीही एक गाडीत टाकून ठेवते. मात्र असे बरेचसे स्कॅनर आणि मोबाइलवरची अ‍ॅप्स फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलतात. गिअरबॉक्सचं दुखणं असेल तर तिथे तुम्हाला दिसेल पी०७००. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, ती तिकडे जाऊन वाचा. ज्याला तिकडे जाता येतं तो स्कॅनर वेगळा आणि महाग.

तरी या छोट्या यंत्राने दोन कामं होतात. इंजिन चालू असताना बॅटरीचे व्होल्ट बघा. १४च्या आसपास असावेत, १२.५वर लोंबकळत असतील तर अल्टरनेटर आणि पट्टा आधी, गिअरबॉक्स नंतर. दुसरं, कोड आला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती गरम, किती आरपीएम, हे कॉम्प्युटर टिपून ठेवतो. त्याचा फोटो काढा. आणि कृपा करून कोड लगेच पुसू नका. दिवा गेला म्हणून खूश होऊन लोक माझ्याकडे येतात, आणि मी तपासायचं काय? कोरी पाटी?

प्रश्न : आठ दिवस गाडी घराखाली उभी होती. काल काढली तर गिअर, एबीएस, स्टेअरिंग, इंजिन असे सगळे दिवे एकदम लागले. गाडी एका गिअरमधून हलत नाही. स्कॅनरवर यू०१०१ आणि यूचे आणखी तीन कोड. सगळे कॉम्प्युटर एकदम कसे जातील?
– किराणा व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : जात नाहीत. तुमचं दुकान किराण्याचं, म्हणजे उत्तर तुम्हाला माझ्याआधी सुचायला हवं होतं. उंदीर.

गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात, तिला कॅन लाइन म्हणतात. उंदराने त्यातली एक कुरतडली की जो तो म्हणतो, पलीकडचा बोलत नाही. यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. बॅटरीची वायर काढा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग त्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. कॅन लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही जोडलेले असले की मीटर ६० दाखवतो. १२० दाखवला तर एका टोकाचा संबंध तुटलाय. शून्याच्या जवळ गेला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. नव्या काही गाड्यांमध्ये या सॉकेटच्या मागे आणखी एक कॉम्प्युटर राखणदार म्हणून बसवलेला असतो, तिथे हे माप लागू पडत नाही.

तार सापडली की जोडताना दोन्ही तारांचे सांधे एकासमोर एक येऊ देऊ नका, थोडे मागे-पुढे घ्या, सोल्डर करा, स्लीव्ह घाला आणि पीळ परत तसाच द्या. पीळ शोभेसाठी नसतो, त्याने इग्निशनचा वगैरे विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि कॉम्प्युटर तो वजा करतो. मी एकदा एक नीट जोडलेली तार बघितली, नुसता पीळ उलगडून फूटभर सरळ ठेवलेली. गाडी उभी असताना ठणठणीत, महामार्गावर रुसायची.

डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, फवारे, सगळं लोक करून बघतात. माझ्या अनुभवात गाडी दोन दिवसाआड हलवणं आणि बॉनेटखाली रात्री काळोख न ठेवणं यानेच काय तो फरक पडतो. आणि गाडीशेजारी धान्याची पोती ठेवू नका, हे तुम्हाला मी काय सांगू!

प्रश्न : एक ऑटोमॅटिक गाडी फारच स्वस्तात मिळतेय. विकणारा म्हणतो, पाणी कधी लागलेलं नाही. पुरातली गाडी कशी ओळखायची?
– नोकरदार तरुण, खेड

उत्तर : हा विषय माझ्या घरचा आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या दुकानात मीटर, चार्जर, बाबांचं आर्मेचर तपासायचं यंत्र, सगळं बुडालं. त्या यंत्रावर अजून एक तपकिरी रेघ आहे, मी पुसलेली नाही. पुढचे सहा महिने मी दुसरं कुठलंही काम केलं नाही.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. विकणारे गाड्या धुतात, पॉलिश करतात, सीटची कव्हरं बदलतात, पण गुंडाळीच्या आतला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे चिखलाचा रंग दिसला की विषय संपला. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून कोपऱ्यात बोट फिरवा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखालचा फोम ओलसर कुबट येतो का बघा. काही गाड्यांचा गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर सीटखाली किंवा पायाशी बसवलेला असतो, काहींचा बॉनेटमध्ये आणि अलीकडच्या काहींचा थेट गिअरबॉक्सच्या पोटात. सीटखाली असेल तर त्याचा कपलर काढून बघायला सांगा. पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही असेल तर ते तांब्याचं गंजणं. आज ती गाडी चालेलही. गंज थांबत नाही, सहा-आठ महिन्यांनी एकेक सेन्सर बंद पडू लागतो आणि तेव्हा विकणारा फोन उचलत नाही.

मग गिअरबॉक्सचं तेल. त्याला श्वास घ्यायला वर एक नळी असते, पाणी तिच्यातून आत जातं. तेल लाल किंवा तपकिरी आणि पारदर्शक असायला हवं. दुधी गुलाबी, शेवटी उरलेल्या फालुद्यासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. आत क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. तिथे मीटर आणि सोल्डरिंग घेऊन मीही काही करू शकत नाही.

एक चाचणी मात्र पुराची असो-नसो, कोकणातली प्रत्येक जुनी गाडी घेताना करा. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीवर, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवला तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची पट्टी खारट हवेने खाल्लीये, ती काढून, घासून, घट्ट करून बसवा. ओहमवर मोजाल तर तीच पट्टी उत्तम दाखवेल, कारण एकाच काडीवर लोंबकळणारी पट्टीही मीटरच्या चिमूटभर विजेला पुरते. भार पडल्यावरच तिचं खरं रूप दिसतं. आणि अर्थ कच्चा असला की कोड येतात ते सेन्सरचे, सोलेनॉइडचे, सगळ्यांचे, फक्त अर्थिंगचा येत नाही.

खेड चिपळूणपासून लांब नाही. गाडी घेऊन या, बघून देते. शनिवारी नको.

प्रश्न : माझी छोटी एएमटी गाडी आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटमधून 'घूंऽऽ' असा आवाज येतो, चार-पाच सेकंदांनी थांबतो. काही बिघडलंय का?
– अंगणवाडी सेविका, लातूर

उत्तर : नाही हो. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त तुमच्या पायाच्या आणि हाताच्या जागी तेलाचा पंप आणि व्हॉल्व्ह बसवलेत. दार उघडलं की बाई आता गाडी काढणार हे ओळखून पंप तेलाचा दाब तयार करून ठेवतो. बऱ्याच एएमटी गाड्यांत हा आवाज येतो आणि तो यायलाच हवा.

गाडी नुसती उभी असताना, चावी चालू ठेवून, दर काही सेकंदांनी पंप पुन्हा पुन्हा घुरघुरत असेल तर मात्र दाब कुठेतरी निसटतोय, तेव्हा दाखवा. आणि सकाळी आवाज दमल्यासारखा, ओढत ओढत येऊ लागला तर आधी बॅटरी तपासा. हा पंप भरपूर वीज ओढतो, बॅटरी उतरली की गाडी 'एन'मध्येच (न्यूट्रलमध्येच) बसून राहते आणि लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात. बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहिलेली असते, बघून कळवा.